अप्पांचा महिना

माझे संपूर्ण नाव माधवराव निवृत्तीराव कमठाणे. वय वर्षे ब्याऐंशी. शाळेत मी चार इयत्ता शिकलो, त्याही उर्दूत, कारण आमच्या कमठाण्याच्या शाळेत तेव्हा तेच चालत असे. मराठी मी पुढे स्वतः वाचून शिकलो, आणि जे शिकलो ते नीट शिकलो.

मंडळी विचारतात, एवढे किस्से तुमच्याजवळ आले कोठून? त्याचे उत्तर सोपे आहे. घर एकत्र असते तोवर त्याच्या गोष्टी घरातच राहतात. वाटणी झाली की भांडी दोन ठिकाणी जातात, बैल दोन गोठ्यांत जातात, आणि गोष्टी तेवढ्या जावयाकडे येतात. थोरला मेहुणा येऊन धाकट्याचे सांगतो, धाकटा येऊन थोरल्याचे सांगतो, पत्नी दोघांचे ऐकून तिसरेच सांगते. जावयाने फक्त मान हलवायची. मी पुष्कळ वर्षे मान हलवली. आता सांगतो.

माझे सासरे माणिकराव. साऱ्या नौबाद गावात त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही अप्पाच म्हणेन. नौबाद तेव्हा बीदरच्या बाहेर, स्वतःच्या शिवाराचे निराळे गाव होते. सासूबाई माझ्या लग्नापूर्वीच वारल्या होत्या. थोरले मेहुणे नागनाथराव शेती पाहत. धाकटे व्यंकटराव बीदरच्या कचेरीत कारकून. माझी पत्नी भागीरथी ही दोघांच्या पाठची. मी बीदरला एका कापडदुकानात नोकरीस होतो आणि लग्नानंतर सासऱ्यांच्याच गल्लीत, चार घरे सोडून, दोन खोल्या घेऊन राहिलो. तेव्हा मी जे सांगतो त्यात ऐकीव थोडे आणि पाहिलेले अधिक आहे.

* * *

त्या घरात पुरुषांनी वयाच्या क्रमाने ताटावर बसावे, असा नेम होता. आधी अप्पा, मग नागनाथराव, मग व्यंकटराव. तिघेही शेतावर होते तोवर या नेमाचा कोणाला त्रास झाला नाही. व्यंकटरावांना कचेरी लागली आणि अडचण उभी राहिली. त्यांना सकाळी नऊला जेवून, शेरवानी चढवून बीदरची वाट धरावी लागे. नागनाथराव शेतावरून येत ते दुपारी. म्हणजे रोज धाकटा थोरल्याच्या आधी जेवणार.

नागनाथरावांनी भांडण काढले नाही. एक दिवस ते हात धुता धुता एवढेच म्हणाले, "आमच्या घरात आता कचेरी आधी जेवायलीय, वावर मागून."

अप्पांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी नऊला व्यंकटरावांच्या शेजारी ताटावर बसू लागले. वडील पंक्तीला असले म्हणजे नेम मोडला असे कोणी म्हणू शकत नाही. दुपारी नागनाथराव आले की ते पुन्हा त्यांच्याही शेजारी बसत, थोरल्याला एकट्याने जेवावे लागू नये म्हणून. दोन्ही वेळा पोटभर, कारण बापाने हात आखडला की मुलगाही आखडतो. संध्याकाळचे जेवण निराळेच.

पावसाळा सरेपर्यंत अप्पांचे पोट बिघडले. मी त्यांना बीदरला एका हकीमसाहेबांकडे नेले. हकीमसाहेबांनी नाडी धरली आणि विचारले, "बडे मियाँ, दिन में कित्ते बार खाते?"

अप्पा म्हणाले, "तीन बार. एक अपने वास्ते, दो बच्चों के वास्ते."

हकीमसाहेबांनी मजकडून सारी हकीकत ऐकून घेतली. चूर्णाची पुडी बांधली आणि माझ्या हाती देताना हळूच म्हणाले, "इनकू दवा नको. इनके घर में दूसरा चूल्हा होना."

* * *

दुसरी चूल पुढल्या पाडव्याला पेटली. भांडण झाले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. गावातील तीन वडीलधारी माणसे पंच म्हणून बसली. घर तीन खणांचे होते. पूर्वेचा खण नागनाथरावांना आणि पश्चिमेचा व्यंकटरावांना दिला. मधल्या खोलीत घरचे एकुलते एक जाते होते, पेरणीची तिफण होती आणि सासूबाईंची काही भांडी होती. या वस्तूंचे दोन भाग होत नाहीत, म्हणून मधली खोली सामाईक राहिली. तिला दोन्ही खणांतून एकेक दार होते आणि अंगणात तिसरे.

मग राहिले अप्पा. पंचांनी विचारले, वडिलांनी कोणाकडे राहावे? पंचांची अपेक्षा अशी की दोघेही गप्प बसतील. दोघेही एकदम म्हणाले, "माझ्याकडं."

त्या दिवसातला वाद झाला तो एवढाच.

नागनाथराव म्हणाले, "बाप थोरल्याकडं ऱ्हातो. सगळीकडं तसंच हाय."

व्यंकटराव म्हणाले, "थोरले म्हणून पूर्वेचा खण तुमी घेतलाव अण्णा. आता बाप बी तुमीच घ्या. मी निस्ती कचेरी घेऊन बसतो."

दोघांच्याही पत्नी दाराआड उभ्या होत्या. थोरल्या गोदाबाई आणि धाकट्या सुभद्राबाई. त्यांचेही म्हणणे आपापल्या नवऱ्यासारखेच होते. शेवटी पंचांनी तोड काढली: एकेक महिना आळीपाळीने, आणि धाकट्याचे मन राहावे म्हणून पहिला महिना धाकट्याचा. सगळ्यांनी मान्य केले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की अप्पांना विचारावयाचे राहिले.

"अप्पा, तुमचं काय म्हणणं हाय?"

अप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "वाटणीत मला धरलाव, इसरला न्हाईत. लई झालं."

* * *

महिना कसा मोजावयाचा, हे पंचांनी सांगितले नाही. तसे सांगण्याची वेळ कोणावर का यावी? पण नागनाथराव शेतकरी. त्यांचा महिना अमावास्येला संपे. व्यंकटराव सरकारी नोकर. त्यांचा महिना फसली, म्हणजे निजाम सरकारच्या कचेऱ्यांतून चाले तो: आजूर, दै, बहमन, इस्फंदार. त्याचा चंद्राशी काही संबंध नाही, आणि तो आपल्या महिन्याहून किंचित लांब असतो. पगार त्यावर, रजा त्यावर, तेव्हा वडीलही त्यावरच, असे त्यांनी मनाशी धरले. यात कोणाची लबाडी नव्हती. दोघे एका ताटात जेवून वाढलेले भाऊ. आपला भाऊ महिना आपल्याहून निराळ्या रीतीने मोजत असेल, हे दोघांच्याही डोक्यात आले नाही.

पाडव्यापासून चैत्र व्यंकटरावांकडे गेला, मग वैशाख नागनाथरावांकडे. वैशाखाची अमावास्या उलटली. सकाळी नागनाथरावांनी अप्पांची घोंगडी स्वतःच्या खांद्यावर घेतली, तांब्या हाती घेतला आणि मोठ्या मानाने अप्पांना अंगणापलीकडे पोहोचविले. व्यंकटराव शेरवानीची बटणे लावत उंबऱ्यात उभे होते.

"आज कामून अण्णा?"

"महिना सरला."

"कुटं सरला? अजून चालू हाय की."

"काल आवस झाली न्हवं?"

"झाली असंल. कचेरीत आवस धरत न्हाईत."

घोंगडी नागनाथरावांच्या खांद्यावरच राहिली. पुढे टाकावी तर अपमान, मागे न्यावी तर शब्द जातो. त्यांनी ती मधल्या खोलीच्या दाराशी अंथरली. अप्पा तीवर बसले आणि म्हणाले, "तुमी दोघं बी आपापल्या कामाला जावा. हितं सावली झ्याक हाय."

दुपारी गोदाबाईंनी विचारले, "अप्पा, जेवलाव का?"

"व्हय. व्यंकटकडं झालं."

थोड्या वेळाने सुभद्राबाईंनी विचारले.

"व्हय बाई. थोरलीकडं झालं."

दोघींनाही समाधान वाटले. दोघींनाही दुसरीचा किंचित रागही आला, की पुण्याची संधी तिने साधली. जात्यावर पहाटे दोघी मिळून दळत आणि जगातले सारे बोलत; अप्पांच्या जेवणाचा विषय तेवढा दोघीही टाळत.

व्यंकटरावांचा नवा फसली महिना लागेपर्यंत अप्पांनी ही दोन उत्तरे चालविली.

* * *

पुढल्या अमावास्येला उलटा प्रकार झाला. नागनाथराव अप्पांना न्यावयास आले, आणि व्यंकटरावांचा महिना संपलेला नव्हता.

"अप्पा, चला."

"अप्पा अजून माझ्याकडं हायत, अण्णा."

कोणीच माघार घेईना. त्यामुळे त्या दिवसांत पूर्वेकडे एक ताट वाढले जाई आणि पश्चिमेकडे एक. अप्पा दोन्ही ठिकाणी जेवत. गोदाबाईंना राहवले नाही. त्या म्हणाल्या, "अप्पा, आत्ता धाकलीकडं जेवून आलाव, आन हितं बी?"

"मागचं ऱ्हायलेलं भरून काढायलोय," अप्पा म्हणाले.

गोदाबाई पोट धरून हसल्या. आमच्याकडे येऊन त्यांनी ही गंमत भागीरथीला सांगितली. भागीरथी हसली नाही. त्या गेल्यावर तिने मला विचारले, "मागचं म्हंजे कवाचं?"



* * *

आषाढ नागनाथरावांकडे गेला. अमावास्या झाली आणि घोंगडी पुन्हा मधल्या खोलीच्या दाराशी आली. त्या दुपारी अप्पा आमच्याकडे येऊन खांबाला टेकून बसले.

येथे एक रीत सांगितली पाहिजे. लेकीच्या घरी नातवंडाचे तोंड पाहिल्याशिवाय बाप अन्न घेत नाही. आमच्या अप्पांसारखा कडक माणूस पाणीही घेत नाही. आमच्या लग्नाला काही वर्षे झाली होती आणि घरात पाळणा आला नव्हता. अप्पा आमच्याकडे येत ते घरून पाणी पिऊन येत, आणि कितीही तहान लागली तरी आमच्या रांजणाकडे पाहत नसत.

त्या दुपारी त्यांचा डोळा लागला आणि कोपरीच्या खिशातून फुटाणे घरंगळले. भागीरथी ते वेचू लागली. अप्पा जागे झाले.

"अप्पा, फुटाणे कामून?"

"दात अजून हायत का न्हाईत, ते बघायलोय."

"जेवलाव का?"

"व्हय."

"कुणाकडं?"

दोन सुनांसाठी दोन उत्तरे त्यांच्याजवळ तयार होती. लेकीसाठी त्यांनी उत्तर तयार केलेले नव्हते. ते कोपरीचा खिसा झटकू लागले, आणि भागीरथीला सारे कळले. ती भाकरी आणावयास उठली, तसे अप्पाही उठले.

"भागू, ताट आणशील तर मी तुझ्या दारात पुन्यांदा यायचा न्हाई."

"मग अण्णाला सांगते. दोघांना बी सांगते."

"सांगू नको. लेकरांनी माझ्यापुढं मान खाली घालावी, एवढी काई मला भूक लागली न्हाई."

ते गेले. भागीरथीने वेचलेले फुटाणे पदरात बांधले. मग मला म्हणाली, "तुमी बी कुणाला सांगायचं न्हाई." मी शब्द दिला.

* * *

लगेच पंचमी आली. पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. माहेर चार घरांवर असले तरी भावाने यावे लागते. बाईने आपण होऊन जावयाचे नसते. वाटणीनंतर भागीरथीने मनाशी ठरविले होते की अप्पा ज्याच्याकडे, आपले माहेर त्याच्याकडे.

नागनाथराव म्हणाले, श्रावण लागला, म्हणजे व्यंकटचा महिना. बहिणीला तो आणील. व्यंकटराव म्हणाले, माझा महिना लागलेला नाही, अण्णा आणतील. भागीरथी नव्या बांगड्या भरून सकाळपासून उंबऱ्यात बसली होती. गल्लीतल्या साऱ्या लेकी एकेक करून गेल्या.

दुकानास सुटी होती. मी म्हणालो, "चल, मी पोचवतो."

"नवऱ्यानं पोचवलेलं माहेर असतंय का?"

इतक्यात अप्पा आले. खांद्यावर सोंदूर होता, म्हणजे मोटेचा जाड दोर. म्हणाले, "ऊठ भागू. माहेरी चल."

"कुणाच्या घरी?"

"आदी चल तर."

ते तिला शेतावर घेऊन गेले. मागे मीही गेलो. बांधावरच्या लिंबाला त्यांनी स्वतःच्या हाताने दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि तिला झोक्यावर बसविले. थोडे झोके घेऊन भागीरथी खाली उतरली. बरोबर आणलेले गाठोडे तिने सोडले. त्यात एक पातेले होते आणि जोंधळ्याच्या कण्या होत्या. पंचमीला तवा ठेवीत नाहीत, म्हणून भाकरीचा विचार तिने केला नव्हता. तीन दगड मांडून तिने कण्या शिजत ठेवल्या. अप्पा लांबून पाहत होते.

"मी खायचा न्हाई, भागू. आधीच सांगतो."

"आदी ऐका. वावर तुमचं. हीर तुमची, पाणी हिरीचं. कण्या काल गोदावयनीकडनं मागून आणल्यात, तुमच्याच जवारीच्या. पातेलं मधल्या खोलीतलं, आईचं. माझा निस्ता हात हाय."

अप्पा झोक्याच्या दोराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हात बी माझाच. मीच दिलाय."

आणि ते जेवावयास बसले. मी त्यांच्याकडे पाठ करून, बांधापलीकडचे दुसऱ्याचे पीक पाहत राहिलो.

* * *

मी वाचणारा माणूस. दिवाळीत मी दोघा मेहुण्यांना एकत्र बसविले. एका हाती पंचांग घेतले, दुसऱ्या हाती कचेरीचे कॅलेंडर घेतले, आणि दोन्ही महिन्यांत अंतर का पडते व ते कसे वाढत जाते, हे सविस्तर समजावून सांगितले. दोघांनीही अत्यंत लक्षपूर्वक ऐकले.

नागनाथराव म्हणाले, "म्हंजे कचेरी दर महिन्याला मागं पडायलीय."

व्यंकटराव म्हणाले, "कचेरी मागं पडत न्हाई. तुमचा चंद्र पुढं पळायलाय."

"कचेरीच्या महिन्यानं एकदा पेरून दाखव, व्यंकट."

"तुमी आवशेला माझा पगार आणून दाखवा, अण्णा."

मी शब्दात बांधलेला होतो. तरी जपून विचारले, "मधल्या दिवसांत अप्पांनी जेवावे कोठे?"

नागनाथरावांनी पश्चिमेकडे बोट केले. व्यंकटरावांनी पूर्वेकडे केले. दोघेही खऱ्या मनाने म्हणाले, "त्याच्याकडं जेवतात की." "अण्णाकडं जेवतात की."

अप्पा शेजारीच होते. अडकित्ता चालवत म्हणाले, "माझी काई तकरार न्हाई."

पुढे मधल्या दिवसांत भागीरथी सरपणाचे निमित्त करून शेतावर जाई. परंतु मधले दिवस वाढत चालले होते. उन्हाळा लागेपर्यंत ते पंधरवड्याजवळ आले. रोज रोज एवढे सरपण जाते कोठे, असे लोक तिला विचारू लागले. अप्पांच्या अंगावरची कोपरी सैल दिसू लागली.

* * *

आणि वैशाख संपून धोंड्याचा महिना लागला.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पंचांगात तो जादा येतो. त्यात लग्नमुंज होत नाही. एकच गोष्ट व्हावी लागते: सासऱ्याने जावयाला बोलावून धोंडे, म्हणजे कणकेत पुरण भरून तळलेले गोळे, जेवू घालावे लागतात.

अंगणात नागनाथराव म्हणाले, "ह्यो महिना हिशेबात धरत न्हाईत. लगीन न्हाई, मुंज न्हाई, तशी पाळी बी न्हाई. ह्यो सरला की व्यंकटनं न्यावं."

व्यंकटराव म्हणाले, "अण्णा एक महिना सोडायलेत, तर मी बी माझा एक सोडतो. बराबरी व्हावी."

दोघांनाही वडील नकोसे झाले नव्हते. दोघांनाही आपला महिना खरा करावयाचा होता.

अप्पांनी विचारले, "म्हंजे ह्यो महिना कुणाचाच न्हाई?"

"तसंच म्हणा अप्पा."

"झ्याक झालं," अप्पा म्हणाले. त्यांनी घोंगडी उचलली आणि मधल्या खोलीचे दार उघडले. तिफण भिंतीला लावली. तीन दगड मांडले. मग पूर्वेच्या चुलीतला एक निखारा मागून आणला आणि पश्चिमेच्या चुलीतला एक.

संध्याकाळी ते धुतलेले धोतर नेसून, रुमाल बांधून आमच्या दारी आले. माझ्या कपाळाला कुंकू लावून म्हणाले, "जावईबापू, धोंड्याचा महिना हाय. उद्या माझ्या घरी जेवायला यावं. लेकीला बी घेऊन यावं."

"कोणाच्या घरी?" मी विचारले.

"माझ्या म्हणालो न्हवं का?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणून कचेरीला सुटी होती. मी व भागीरथी गेलो तेव्हा अप्पा परातीत कणीक मळत होते. कणीक मनगटापर्यंत चढली होती आणि पुरण पातळ झाले होते. भागीरथी पुढे झाली, तर त्यांनी तिला अडविले. "तू आज पाहुणी हायस. बस तिकडं." पूर्वेच्या दारात गोदाबाई, पश्चिमेच्या दारात सुभद्राबाई उभ्या होत्या. अंगणाच्या दाराशी गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "सासरा रांधायलाय आन सुना बघायल्यात."

गोदाबाई आत आल्या. "अप्पा, सरका. कणीक हाय का वावरातला चिखल हाय?"

दुसरीकडून सुभद्राबाई आल्या. "तूप कुटं हाय? तुपाबिगर धोंडे करतेत व्हय?" आणि त्या आपले तूप घेऊन आल्या.

अप्पांनी हात धुतले आणि घरधन्यासारखे घोंगडीवर जाऊन बसले. तासाभरात पाने मांडली गेली. पहिले पान माझे, मग अप्पा, नागनाथराव, व्यंकटराव, वयाच्या क्रमाने. आंब्याचा रस होता. दोघी जावा एका चुलीपाशी बसून वाढत होत्या.

सुभद्राबाई अप्पांना धोंडा वाढताना म्हणाल्या, "आज तरी माझ्या हातचं पोटभर घ्या अप्पा. काल बी थोरलीकडं झालं म्हणालाव."

गोदाबाईंच्या हातातली पळी थांबली. "माझ्याकडं? काल तर तुझ्याकडं झालं म्हणाले."

"माझ्याकडं? काल?"

"आन त्याच्या आदल्या रोजी?"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग अप्पांकडे पाहू लागल्या. नागनाथरावांचा घास हातात राहिला. व्यंकटरावांचाही राहिला.  भागीरथीने पदर तोंडाला लावला.

अप्पा म्हणाले, "ताटावर हात थांबवू नये. जावई बसलेत."

दोघा भावांनी मान खाली घातली आणि जेवू लागले. जेवताना मान खालीच असते, ते त्या दिवशी सोयीचे झाले.

तो सारा महिना दोन्ही खणांतली माणसे मधल्या खोलीत जेवली. महिना संपला त्या सकाळी मी तेथे होतो. पूर्वेच्या दारातून नागनाथराव आले आणि त्यांनी घोंगडीचे एक टोक धरले. पश्चिमेच्या दारातून व्यंकटराव आले आणि त्यांनी दुसरे धरले.

"अप्पा, माझ्याकडं चला. पाळी-बिळी काई न्हाई आता."

"अप्पा, माझ्याकडं. आवशेनं मोजा न्हाईतर कचेरीनं मोजा, कसं बी मोजा. महिना सरला."

"कुणाचा सरला?" अप्पांनी विचारले.

दोघांनीही घोंगडीची टोके आपापल्याकडे ओढली.

"नागनाथ, तुझा आवशेला सरतो. व्यंकट, तुझा पगाराला सरतो. माझा कवा सरंल, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई. तवर तुमीच जेवायला येत जावा. आन घोंगडी सोडा, फाटंल."

* * *

त्यानंतर त्या घरात चूल एकच राहिली, ती मधल्या खोलीतली. व्यंकटराव नऊला जेवत, नागनाथराव दुपारी जेवत, आणि अप्पा आपल्याला भूक लागेल तेव्हा. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतून फसली महिने गेले. घरात ते आधीच कोणी मोजत नव्हते. आम्हास अपत्य झाले नाही. अप्पांनी अखेरपर्यंत आमच्या घरचे पाणी घेतले नाही. भागीरथी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन त्यांना वाढीत असे.